बिडीचे खाते



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी ज्या १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच साली मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे आणि वह्या चव्हाट्यावर आणून जाळल्या. एकाच वर्षी आणि एकाच मुलखात घडलेल्या या दोन घटनांचा मी पुष्कळदा एकत्र विचार करतो. त्या शेतकऱ्यांचा सगळा रोष कागदावर होता; कारण किती घेतले, किती फेडले आणि किती उरले याची एकमेव नोंद सावकाराच्या घरी होती, ऋणकोच्या घरी तिची नक्कलसुद्धा नव्हती. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याने ऋणकोला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. आज मी आपल्यापुढे तंबाखूविषयी बोलायला उभा आहे आणि आरंभ मात्र सावकारीपासून करतो आहे, याचे कारण एवढेच की, पतपेढीच्या खिडकीमागे एकतीस वर्षे काढल्यानंतर माझे असे निश्चित मत झाले आहे की, गरीब माणसाची बिडी सुटायची असेल तर त्याच्या घरात त्याची स्वतःची वही आधी आली पाहिजे.

आपले हे मालेगाव शहर कष्टकऱ्यांचे आहे. नारोशंकर राजेबहादूरांनी अठराव्या शतकात मोसमकाठी भुईकोट उभारला आणि १८५७ नंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी त्याच्या भोवती मागांचा संसार मांडला; हातमाग जाऊन यंत्रमाग आले आणि त्यांचा खडखडाट आज गल्लोगल्ली रात्रंदिवस चालू असतो. बारा-बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा आवाज, हवेत तरंगणारी कापसाची तूस, आणि आठवड्याचा पगार, शुक्रवारी सुट्टी. या दिनक्रमात क्षणभर कारखान्याबाहेर येऊन उभे राहण्यासाठी कामगाराजवळ जी एक सबब असते, तिचे नाव बिडी. ती त्याची विश्रांती आहे, सोबत्यांशी दोन शब्द बोलण्याचे निमित्त आहे, पुष्कळदा भूक पुढे ढकलण्याचे साधनही आहे. आणि हे सारे समजून न घेता ‘बिडी सोड’ असे त्याला सांगणे म्हणजे त्याची एकुलती एक खिडकी बंद करण्यासारखे आहे.

तरीही ती सुटली पाहिजे. भारतातील मृत्यूंच्या मोठ्या पाहणीतून २००८ साली असे सिद्ध झाले की, बिडी ओढणारा पुरुष न ओढणाऱ्याच्या मानाने सुमारे सहा वर्षे आणि सिगारेट ओढणारा सुमारे दहा वर्षे लवकर जातो. क्षयाने मरणाऱ्या पुरुषांत धूम्रपानाचा वाटा किती मोठा आहे, हे चेन्नईच्या संशोधनाने त्यापूर्वीच दाखवले होते. कापसाच्या धुळीने आधीच जर्जर झालेल्या छातीला धूर किती जड जातो, हे तर इथल्या प्रत्येक वैद्याला ठाऊक आहे. बिडीविषयी मी बोलतो आहे, पण त्यात गुटखा, मिसरी, तंबाखूची पुडी हे सारे धरावे. कारण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करणारे आढळले आणि एकूण प्रौढांत ओढणारे अवघे ३.८ टक्के होते, बाकीचे बहुतेक चघळणारे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे आपण पाहतोच. ‘मालेगाव का सुपरमॅन’ या चित्रपटात नायकाचे काम करणारा, यंत्रमागावर राबणारा आपला शफीक २०११ साली ऐन तारुण्यात कर्करोगाने गेला, हे या शहराने विसरू नये.

आता मी आपल्याला एका घरात घेऊन जातो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी घरे प्रत्येक वस्तीत शेकड्यांनी आहेत. कर्जाच्या अर्जाची चौकशी करण्यासाठी मी पगाराच्या सायंकाळी त्या घरी गेलो होतो. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात शिवणयंत्र, दारावर जुन्या साडीचा पडदा. गृहस्थ माझ्यासमोर बसून आठवड्याचा खर्च सांगत होते आणि मी तो लिहीत होतो: भाडे, किराणा, वीज, मदरशाची आणि शिकवणीची फी, आईचे औषध. बेरीज केली तर पगारातून अडीच-पावणेतीनशे रुपये कोठे गेले याचा पत्ता लागेना. मी विचारले, “आणि बिडी?” ते म्हणाले, “उस को चाय में ही पकड़ो, साहब.” मी चहाच्या बाबीखाली रक्कम लिहिणार, तोच पडद्यामागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “चाय तो मैं घर से भेजती हूँ.”

त्या वाक्यानंतर खोलीत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. माणूस खोटे बोलत नव्हता. इतकी वर्षे बिडीला त्याच्या हिशेबात स्वतःचे नावच नव्हते. ती कधी चहात, कधी सुट्ट्या पैशांत, कधी मुलाला आणलेल्या बिस्किटाच्या पुड्यात मिसळून जात असे. त्या सायंकाळी आम्ही तिला प्रथमच स्वतंत्र खाते दिले. दोन कट्टे, काडेपेटी, अधूनमधून एखादी पुडी, असे मिळून रोजचे चाळीस रुपये होते. महिन्याचे बाराशे, सालाचे चौदा हजार सहाशे. मी उपदेशाचा एक शब्दही बोललो नाही. बाईंनी मात्र विचारले की, दूध अर्ध्या लिटरवरून पावशेरावर आणले ते किती रुपयांसाठी. आणि तो आकडा काढला तेव्हा तो बिडीच्या निम्म्याहूनही कमी निघाला.

अर्थशास्त्रज्ञ रिजो जॉन यांनी २००८ साली देशभरच्या कुटुंबखर्चाच्या आकड्यांवरून हेच दाखवले होते: ज्या घरात तंबाखू येते त्या घरात दूध, शिक्षण आणि स्वच्छ इंधन यांवरचा खर्च आटतो. त्यांनीच सहकाऱ्यांसह २०११ साली असा हिशेब मांडला की, तंबाखूवर आणि तिच्यामुळे होणाऱ्या आजारांवर जाणारा पैसा वजा केला, तर देशातील आणखी सुमारे दीड कोटी माणसे दारिद्र्यरेषेखाली मोजावी लागतील. सरकारच्या दप्तरात ती गरीब नाहीत. त्यांच्या घरच्या डब्यात मात्र आहेत.

पण हिशेब दिसला म्हणजे बिडी सुटते, असे मानणारा माणूस फसेल. त्या गृहस्थांच्या डोक्यावर खाजगी सावकाराचे दहा हजार रुपये होते, शेकडा पाच दरमहा, म्हणजे सालीना साठ टक्के; शिवाय मालकाकडून घेतलेली उचल वेगळी. दर महिन्याला पाचशे रुपये नुसत्या व्याजात जात आणि मुद्दल जागचे हलत नसे. ज्याच्या दारात दर पंधरवड्याला वसुलीचा माणूस उभा राहतो त्याचे चित्त कोठे ठिकाणावर असणार? तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेले आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन सांगते की, तोच शेतकरी पीक हाती येण्याच्या आधी, ओढगस्तीच्या दिवसांत, विचारशक्तीच्या कसोट्यांत मागे पडतो आणि ऊस विकून पैसा हाती आल्यावर पुढे जातो. टंचाई ही बुद्धीवरचासुद्धा कर आहे. संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दाचा एक अर्थ संकट असा आहे, आणि गरिबाच्या घरी हे दोन्ही अर्थ एकाच चटईवर बसलेले असतात. संकट धुराकडे नेते, धूर संकट वाढवतो. म्हणून व्यसनावर इलाज करणाऱ्याने आधी संकटाचा गुंता हाती घेतला पाहिजे.

आम्ही तो असा घेतला. बाराशे रुपये दरमहा सावकाराकडे भरले, तर पहिल्या महिन्यात पाचशे व्याज जाऊन सातशे मुद्दलात पडतात, दुसऱ्या महिन्यात व्याज चारशे पासष्टांवर येते, आणि याच क्रमाने अकराव्या महिन्याअखेर पन्नास-साठ रुपयेच बाकी राहतात. हे मी त्यांच्यापुढे पाटीवर मांडून दाखवले. जे कर्ज आयुष्यभराचे वाटत होते ते एका रमजानपासून पुढच्या रमजानच्या आत फिटणारे आहे, हे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो बदल झाला तो फुप्फुसांचे भेसूर चित्र दाखवून मी कधीही घडवू शकलो नसतो. पुढे ते कर्ज आम्ही पतपेढीच्या स्वस्त कर्जात बदलूनही दिले.

त्यांनी बिडी सोडली, आणि तरीही पाचव्या आठवड्यात ती पुन्हा पेटवली. सूत महागले, माग आठ दिवस बंद पडले, पगार बुडाला. मी त्यांना दोष दिला नाही आणि आपणही देऊ नये. निकोटिनची ओढ पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते हे खरे. पण रिकामा हात आणि रिकामा दिवस तिला परत बोलावतात. दुसऱ्यांदाही असेच झाले. तिसऱ्या प्रयत्नात औषधाच्या दुकानातून निकोटिनच्या गोळ्या आणल्या आणि पैशाची व्यवस्था बदलली. रोजचे चाळीस रुपये सकाळीच पत्नीच्या डब्यात पडू लागले आणि आठवड्याच्या शेवटी गल्लीतील भिशीत जाऊ लागले. भिशीत हप्ता चुकवणे म्हणजे दहा घरांसमोर मान खाली घालणे. ती लाज आपल्या समाजात अजून जिवंत आहे, आणि ती चांगल्या कामी लावता येते. या खेपेला बिडी सुटली.

फिलिपिन्समधील एका बँकेने याच तत्त्वावर एक प्रयोग केला होता, त्याचा अहवाल २०१० साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्याने सहा महिने बिनव्याजी खात्यात पैसे टाकत जायचे; सहा महिन्यांनी लघवीच्या तपासणीत निकोटिन आढळले नाही तर ठेव परत, आढळले तर ती धर्मादायाला. ज्यांना हे खाते देऊ केले त्यांपैकी अकरा टक्के लोकांनीच ते घेतले, ही गोष्ट उत्साही कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावी. परंतु खाते देऊ केलेल्यांत सोडणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा तीन टक्केबिंदूंनी अधिक निघाले आणि वर्षानंतरही ते टिकले. मला त्यातील दंडाचा भाग आवडत नाही. आपल्या माणसाची ठेव जप्त करण्याची वेळ माझ्यावर येऊ नये. पण सुटलेल्या बिडीचा पैसा त्याच दिवशी एका ठिकाणी जाऊन बसला पाहिजे, नाहीतर तो वाऱ्यावर उडून जातो, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

आणि यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून दारूचा, नवसाचा, बोकडाचा आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जाचा खर्च वदवून घेत, आणि मग मुलाच्या शाळेचे काय, असे विचारीत. व्यसनमुक्ती आणि जमाखर्च हे दोन निराळे विषय आहेत असे त्या महापुरुषाला कधी वाटले नाही. आपण मात्र ते निरनिराळ्या खात्यांत वाटून दिले. रुग्णालयातील समुपदेशक रोग्याला फुप्फुसांविषयी सांगतो आणि कर्जाविषयी विचारीत नाही. बँकेच्या वित्तीय साक्षरता केंद्रातील माणूस विमा आणि बचतीविषयी सांगतो आणि बिडीविषयी विचारीत नाही. दोन लाखांचा अपघात विमा सालीना वीस रुपयांत आणि दोन लाखांचा जीवनविमा चारशे छत्तीस रुपयांत मिळतो. दोहोंचा मिळून वर्षाचा हप्ता म्हणजे त्या गृहस्थांच्या बारा दिवसांच्या बिड्या. हे वाक्य कामगाराला सांगणारा माणूस आज कोठल्याच टेबलाशी बसलेला नाही.

तेव्हा माझी विनंती याच शहरातील मंडळींना आहे. कारखानदारांनी पगाराच्या सायंकाळी कारखान्याच्या दाराशी एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडू द्याव्यात. पतसंस्थांनी आणि महिला बचत गटांनी तेथे जमाखर्च समजणारा, मृदू बोलणारा, उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणारा एक माणूस आळीपाळीने बसवावा. रुग्णालयाने आठवड्यातून एकदा आपला समुपदेशक तेथे पाठवावा. आणि तो येईपर्यंत, तंबाखूच्या वेष्टनावर छापलेला १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक त्या टेबलावर ठळक अक्षरांत लावावा. येणाऱ्याला पहिल्या दिवशी बिडी सोडायला सांगू नये. त्याला एक कोरी वही द्यावी, तिच्यात बिडीचे खाते निराळे पाडून द्यावे, आणि पुढच्या आठवड्यात ती वही घेऊन पत्नीसह यायला सांगावे. वहीला वीस रुपये पडतात. पहिल्या शंभर वह्या मी देतो; टेबल कोण देणार ते आपण आज येथून उठण्यापूर्वी मला सांगावे.