शिकलेला हात, सुरक्षित हात

(हीरकमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाची संहिता)



हा समारंभ ज्या परिसरात होत आहे, ते चामराजपेट १८९२ साली वसले. जुन्या पेठेबाहेर रीतसर आखणी करून वसवलेल्या बंगळुरूच्या पहिल्या वस्त्यांपैकी ही एक. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला लाभले. समांतर मुख्य रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणारे आडरस्ते आजही त्या आखणीची साक्ष देतात. येथून जवळच टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल आहे. हैदर अलीने आरंभलेले हे बांधकाम १७९१ साली पूर्ण झाले. त्याचे सागवानी खांब सव्वादोनशेहून अधिक वर्षे भार पेलत उभे आहेत. महाल कोणी बांधवला, हे प्रत्येक पर्यटकाला ठाऊक असते. खांबांचे सांधे ज्या सुतारांनी बसवले, त्यांची नावे मात्र कोणाला ठाऊक नाहीत.

विधानसौधाची कथाही अशीच आहे. १९५१ ते १९५६ या काळात, मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांच्या आग्रहातून ही ग्रॅनाइटची वास्तू उभी राहिली. सुमारे पाच हजार मजूर आणि दीड हजार पाथरवट, गवंडी व काष्ठशिल्पी तिथे राबले. मजुरांत बहुसंख्य कैदी होते. काम पूर्ण झाल्यावर त्यांची मुक्तता करण्यात आली. हाताला मिळालेले काम माणसाला पुन्हा उभे करू शकते, याचा एवढा ठळक पुरावा दुसरा शोधावा लागत नाही.

या कारागिरांची शाळा कोणती होती? पूर्वी पोरगा बिगारी म्हणून कामावर येई. घमेली वाहता वाहता तो मिस्त्रीच्या हाताकडे पाहत असे. पुढे त्याच्या हाती थापी येई, मग दोरी, गुण्या, पाणसळ आणि शेवटी ओळंबा. भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे ज्याला स्वतः ठरवता येई, तो गवंडी. या प्रवासात काही वर्षे जात. या वर्षांत केवळ कसब येत नसे, सावधपणाही येत असे. परांचीचा बांबू कुठे कच्चा आहे, ओल्या मातीचा चर केव्हा ढासळेल, टेकू काढण्याची घाई का करू नये, हे सारे कामाबरोबरच शिकले जाई. त्या पद्धतीतही शोषण होते, जातीच्या भिंती होत्या. ती जशीच्या तशी परत आणावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्यात एक सत्य होते. काम शिकणे आणि जीव सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

आज बांधकामाचे रूप पालटले आहे. काँक्रीट कारखान्यातून तयार होऊन येते. नदीच्या वाळूची जागा दगड दळून केलेल्या एम-सँडने घेतली आहे, भाजलेल्या विटेची जागा हलक्या ब्लॉकने. उंच इमारतींचे साचे ॲल्युमिनियमचे असतात. यंत्रे वाढली, वेग वाढला. शिकण्याचा काळ मात्र आटला. मुख्य कंत्राटदाराखाली उपकंत्राटदार, त्याखाली मुकादम आणि सर्वांत खाली दूरच्या राज्यांतून किंवा उत्तर कर्नाटकातून कालच आलेला तरुण, अशी उतरंड झाली आहे. काल शेतात असलेला मुलगा आज दहाव्या मजल्याच्या कडेला उभा असतो. मधली वर्षे कोणी खाल्ली, हा प्रश्न विचारायलाच हवा.

त्याची किंमत या शहराने मोजली आहे. १९८३ साली मॅजेस्टिक परिसरात, कपाली चित्रपटगृहाशेजारी, बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून शंभराहून अधिक माणसे दगावली. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी पावसाच्या दिवसांत बाबुसापाळ्य येथे अपुरी इमारत कोसळली आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. प्रत्येक दुर्घटनेची कारणे निराळी असतात, आणि ती ठरवणे हे चौकशीचे काम आहे. परंतु सुरक्षिततेचे नियम अज्ञात नाहीत, हे खरे. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार, नेहमीच्या परिस्थितीत साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी. सहा मीटरहून लांब तुळईखालचे टेकू एकवीस दिवस ठेवावे लागतात. परांची, खोदकाम, शिरस्त्राण यांसाठीही स्वतंत्र मानके आहेत. ती पुस्तकात आहेत; टेकूवर हातोडा मारणाऱ्याच्या हातापर्यंत ती पोहोचली का, हा खरा प्रश्न.

कायदे नाहीत असेही नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. आजच्या नियमांप्रमाणे तीस वा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. पण घरे बांधणारा लहान कंत्राटदार या चौकटीत सहसा येतच नाही, आणि बहुसंख्य मजूर त्याच्याकडेच असतात. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकरातून कल्याण निधी उभा राहिला; २०२० च्या श्रमसंहितांतही उपकराचे तत्त्व कायम आहे. अठरा ते साठ वयाच्या, वर्षभरात नव्वद दिवस काम केलेल्या कामगाराला कल्याण मंडळाकडे नोंदणीचा हक्क आहे. मात्र ज्याला अर्ज वाचता येत नाही, ज्याचा पत्ता दर तीन महिन्यांनी बदलतो, त्याच्यासाठी हा हक्क कागदावरच राहतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे स्मरण अपरिहार्य आहे. बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकलेला हा विद्यार्थी अभियांत्रिकीसाठी पुण्याला गेला. त्यांनी रचलेली स्वयंचलित दारे १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर बसली. म्हैसूरचे दिवाणपद भूषवलेल्या या अभियंत्याने उतारवयात आपली शक्ती कोठे लावली? १९४३ साली बंगळुरूत सुरू झालेल्या जयचामराजेंद्र व्यवसाय शिक्षणसंस्थेच्या उभारणीत. आराखडा कितीही निर्दोष असला तरी तो प्रत्यक्षात उतरवणारा हात शिकलेला नसेल तर धरण उभे राहत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

आपल्या मराठी मध्यमवर्गाला मात्र अजून हे पुरते उमगलेले नाही. दहावीला गुण कमी पडले की घरात दबक्या आवाजात आयटीआयचा विषय निघतो, जणू ती शिक्षाच. वीजजोडणी, नळकाम, वेल्डिंग, सुतारकाम हे मागे राहिलेल्यांचे मार्ग आहेत, ही समजूत मुलांपर्यंत न बोलता पोहोचते. ज्या कामाला समाज मान देत नाही, त्या कामाच्या शिक्षणावर तो खर्च करत नाही. आणि ज्याच्या शिक्षणावर खर्च होत नाही, त्याच्या जिवाची काळजीही घेतली जात नाही. अपघाताची सुरुवात दहाव्या मजल्यावर होत नाही. ती पुष्कळदा आपल्या दिवाणखान्यातील अशा बोलण्यातून होते.

१९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा विचार मांडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवण्याची शिफारस केली आहे. ते दहा दिवस सहलीसारखे उरकले जाऊ नयेत. मुलाने हातात ओळंबा धरून वर्गाची भिंत तपासावी. त्रिकोणाच्या ३, ४, ५ या बाजूंवरून काटकोन कसा साधतो, हे गवंडी दोरीने दाखवील. पायथागोरसचा सिद्धान्त त्या दिवशी कायमचा उमगेल. आणि ज्याच्याकडून आपण शिकलो त्याला मूल पुढे ‘अरे’ म्हणून हाक मारणार नाही.

पालक आणि माजी विद्यार्थ्यांकडे मागणे फार मोठे नाही. आपल्यापैकी कोणी घर बांधेल, कोणी दुरुस्ती काढेल. तेव्हा फरशीचा रंग निवडण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. उंचावर काम करणाऱ्यांना सुरक्षा पट्टा आणि शिरस्त्राण आहे का? टेकू किती दिवसांनी निघणार? मजुरांची कल्याण मंडळाकडे नोंद झाली आहे का? नसेल तर अर्ज भरून देण्यास अर्धा तास काढता येईल का? माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, बांधकाम व्यावसायिक आहेत. त्यांनी आपल्या प्रत्येक कामावर एकदोन तरुणांना तरी रीतसर शिकाऊ म्हणून घ्यावे, विद्यावेतन द्यावे आणि शेवटी प्रमाणपत्र हाती ठेवावे.

हीरकमहोत्सवात इमारतीचे कौतुक होते, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या छताखाली पिढ्यांनी पाढे म्हटले, ते छत कोणीतरी परांचीवर उभे राहून घातले आहे. त्या अनाम हातांचे ऋण फेडण्याचा मार्ग एकच : पुढचा हात शिकलेला असावा, आणि संध्याकाळी तो सुखरूप घरी परतावा.