पक्षाघातानंतरची घरातील साधना



अंगावरून वारे गेले, की पूर्वी त्या माणसाची खाट पुढच्या खोलीत येई आणि बहुधा तेथेच राही. घरचे प्रेमाने भरवीत, कुशीवर वळवीत, आणि जे होईल ते श्रींच्या इच्छेवर सोडीत. त्या सेवेत खोट नव्हती. उणीव होती ती वेगळीच.

पक्षाघातात रक्तपुरवठा तुटून अथवा रक्तस्राव होऊन मेंदूचा एक भाग निकामी होतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत; परंतु उरलेला मेंदू त्यांचे काम काही अंशी शिकून घेऊ शकतो. हे शिकणे रुग्णाने स्वतः, पुनःपुन्हा केलेल्या हालचालींनीच घडते आणि त्यास पहिले काही महिने विशेष अनुकूल असतात. नेमक्या त्याच महिन्यांत काणकोण वा सत्तरीतून रुग्णाला वारंवार बांबोळीस नेणे कुटुंबाला झेपत नाही.

यास्तव अमेरिकेत झालेला आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग लक्षात घेण्याजोगा आहे. ११ केंद्रांतील १२४ रुग्णांपैकी काहींनी हाताचे व्यायाम रुग्णालयात केले, तर काहींनी घरी, संगणकाच्या पडद्यासमोर. दोहोंकडे ७० मिनिटांची ३६ सत्रे होती. त्यांतील १८ तज्ज्ञाच्या प्रत्यक्ष नजरेखाली, घरच्यांसाठी अर्थात चित्रसंवादाद्वारे. घरी व्यायाम करणारे सुधारणेत मागे पडले नाहीत. प्रयोग हातापुरता होता, चालण्यास तो जसाच्या तसा लावता येणार नाही.

याउलट भारतातील १४ केंद्रांत सुमारे साडेबाराशे रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नातेवाइकांनाच व्यायाम शिकवून पुढील काम त्यांच्याकडे सोपविले होते. सहा महिन्यांनी पाहता दोन्ही गटांत मृत अथवा परावलंबी रुग्णांचे प्रमाण सारखेच, ४७ टक्के, भरले. दोन प्रयोगांची थेट तुलना करणे शास्त्रशुद्ध नव्हे. तरीही केवळ मायेवर सर्व भार टाकू नये, एवढे त्यातून निश्चित उमगते. शिकलेली नजर, ठरलेली वेळ आणि मोजलेली पुनरावृत्ती हवीच.

पहिली तपासणी मात्र समक्षच व्हावी. दूरध्वनी अशा जागी ठेवावा, की रुग्णाचा खांदा व धड दोन्ही तज्ज्ञास दिसतील. लुळ्या बाजूस एकाने उभे राहावे, पण त्या हातास धरून ओढू नये, खांदा निखळतो. छातीत दुखले किंवा नवी कमजोरी जाणवली, तर व्यायाम तेथेच थांबवून इस्पितळ गाठावे. आणि पेला उचलण्यास रुग्णाला पाच मिनिटे लागत असतील, तर सुनेने वा मुलाने तेवढी पाच मिनिटे हात आवरून बसावे. (शुश्रूषेत याहून कठीण काही नाही.)

खोबरेल तेलाने हलके चोळण्यास सहसा हरकत नसते. ते व्यायामाच्या तासात मात्र धरू नये.