हातमोजे सगळ्यांसाठी

नागभीडहून बोलतोय. आजचा विषय एचआयव्ही, पण औषधांपेक्षा जास्त आपल्या दवाखान्यातल्या सिस्टरबद्दल. एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रांत २००४ पासून फुकट मिळायला लागल्या. त्या रोज पोटात जातात का, हे मात्र बरंचसं सिस्टर पेशंटशी कशी बोलते यावर ठरतं.

आपल्याकडचंच बघा. धानाची रोवणी सुरू झाली की मजुरी बुडवून शंभरेक किलोमीटरवरच्या चंद्रपूरला कोण जाणार? "गोळ्या का चुकवल्या?" म्हणून झापलं, तर पेशंट पुढच्या वेळी येतच नाही. "किती गोळ्या उरल्या? रोवणी कधी संपते?" असं विचारलं, तर तो खरं सांगतो. असं बोलणं शिकवता येतं.

दक्षिण आफ्रिकेत पेशंट लाखो आणि डॉक्टर कमी. म्हणून तिथं २०१० पासून प्रशिक्षित नर्सना एआरटी सुरू करू दिलं. फ्री स्टेट प्रांतातल्या ३१ दवाखान्यांत त्याचा अभ्यास झाला. नर्सकडचे पेशंट डॉक्टरांकडच्या पेशंटइतकेच ठीक राहिले. नुसती परवानगी दिली नव्हती, आधी ट्रेनिंग दिलं होतं.

आता सुरक्षेचं. "एचआयव्हीवाला आलाय, डबल ग्लोव्ह्ज घाल," हे चुकीचं. ज्याची टेस्टच झाली नाही तो कसा ओळखणार? म्हणून रक्ताशी संबंध येणार असेल तर हातमोजे प्रत्येक पेशंटसाठी. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, थेट पांढऱ्या डब्यात. फाइलवर लाल शेरा मारून कोणी सुरक्षित होत नाही, गावभर बातमी तेवढी होते.

आणि सुई टोचलीच तर? घाबरायचं नाही, धोका हजारात तीनच्या आसपास असतो. जखम साबण-पाण्यानं धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही. पीईपीची गोळी शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत, मग २८ दिवस.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पेशंटच्या संमतीशिवाय त्याचं स्टेटस सांगता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण जिथं असा धोका आहे तिथल्या स्टाफला साधनं, ट्रेनिंग आणि पीईपी देणं संस्थेवर बंधनकारक आहे, हेही त्यातच लिहिलंय. म्हणजे सिस्टरनं हातमोजे मागणं हा तिचा हक्क आहे.

तुमची बहीण, मैत्रीण जीएनएम करत असेल तर हा एपिसोड तिला पाठवा. कुणाला स्वतःबद्दल विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, फुकट आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!