बिनकपाटाचें ग्रंथालय

ग्रंथालय म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कपाटें उभीं राहतात. आज ज्या ग्रंथालयाविषयीं मला बोलावयाचें आहे त्याला कपाटें नाहींत, आणि ‘पुस्तक बाहेर गेलें आहे’ हें आपल्या परिचयाचें उत्तरहि तेथें सहसा मिळत नाहीं. त्याला अंकीय, किंवा रूढ भाषेंत डिजिटल, ग्रंथालय म्हणतात. पुस्तकाचें पानन् पान अंकांच्या रूपानें संगणकांत सांठवावयाचें आणि मागणाऱ्यापुढें, मग तो चंद्रपुरास असो कीं लंडनास, तें उमटवावयाचें, असा हा व्यवहार आहे.

याचा प्रारंभ अगदीं साधा झाला. १९७१ सालीं जुलैच्या ४ तारखेस अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत मायकेल हार्ट नांवाच्या विद्यार्थ्यानें आपल्या देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकून इतरांस खुला केला. त्यांतूनच ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ उभें राहिलें. पुढें टंकण्याऐवजीं पानांचीं चित्रें घेण्याची सोय झाली व कामास वेग आला.

परंतु पानांच्या चित्रांचा ढीग म्हणजे ग्रंथालय नव्हे. हें कोणाला पटत नसेल तर त्यानें आपल्याच देशांतील एक अनुभव पाहावा. या शतकाच्या आरंभीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकारानें ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा उपक्रम सुरू झाला. लाखों पुस्तकें टिपलीं गेलीं. त्यांत हजारों मराठी होतीं. उद्योग खरोखर प्रचंड. मात्र ग्रंथांचीं नांवें रोमन लिपींत, आणि पुष्कळदां कोणत्याहि एका नियमावांचून, नोंदलीं गेलीं. आपलें ‘ज्ञ’ हें एकच अक्षर घ्या. कोणी तें ‘जे-एन’ असें लिहितो, कोणी ‘डी-एन-वाय’, तर कोणी ‘जी-वाय’. शोधणारा एका तऱ्हेनें लिहितो, नोंदणाऱ्यानें दुसऱ्या तऱ्हेनें लिहिलेलें असतें, आणि दोघांची गांठच पडत नाहीं. चुकीच्या फळीवर ठेवलेलें पुस्तक झाडलोट करतांना तरी हातीं लागतें; चुकीच्या नोंदीखालीं गेलेलें पुस्तक असून नसल्यासारखें होतें. सालाचीहि तीच कथा. मुखपृष्ठावर ‘शके १८००’ असें छापलेलें असावें आणि नोंदींत इसवी सन १८०० पडावा, म्हणजे बिचारें पुस्तक एका क्षणांत अठ्ठ्याहत्तर वर्षांनीं म्हातारें होतें!

म्हणून या विद्येंत नोंदीला फार मान आहे. १९९५ सालीं ओहायो प्रांतांतील डब्लिन गांवीं (हें डब्लिन आयर्लंडांतलें नव्हे) ग्रंथपाल व संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. त्या विचारांतून पंधरा कलमांची एक नोंदपद्धति सिद्ध झाली: शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशक, दिनांक, भाषा, हक्क इत्यादि. सर्वांनीं एकाच सांच्याच्या नोंदी ठेविल्या कीं त्यांची देवघेव सुकर होते. त्या देवघेवीचा शिरस्ता २००१ सालीं ठरला. एका ग्रंथालयाचा संगणक दुसऱ्यास विचारतो, ‘मागील खेपेनंतर नवीन काय आलें?’ आणि दुसरा केवळ नोंदी धाडतो. ग्रंथ आपल्या घरींच राहतो. फिरते ती त्याची ओळख. खरगपूरच्या आय. आय. टी. नें उभारलेलें आणि २०१८ सालीं राष्ट्रास अर्पण झालेलें राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मुख्यतः याच रीतीनें अनेक संस्थांच्या नोंदी एके ठिकाणीं आणतें.

अमेरिकेंतील विद्यापीठांनीं २००८ सालीं काढलेल्या अशाच एका संयुक्त संग्रहाचें नांव ‘हाथीट्रस्ट’ असें आहे. शब्द आपल्याकडचाच! हत्ती कधीं विसरत नाहीं, म्हणून हें नांव. तेथें पावणेदोन कोटींहून अधिक खंड आहेत. पण त्यांतील बहुसंख्य कायद्यामुळें उघडून वाचतां येत नाहींत. हवा तो शब्द कोणत्या पानावर आहे एवढें मात्र कळतें. आपल्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं संपतो. साने गुरुजी १९५० सालीं वारले. त्यांचीं तीं पुस्तकें २०११ च्या आरंभापासून सर्वांचीं झालीं.

पानांतील शब्द यंत्राकडून वाचवून घेणें, हें मराठीस इंग्रजीहून कठीण पडतें. आपल्या अक्षरांना शिरोरेषेनें एकत्र बांधलेलें असल्यामुळें एक अक्षर कोठें संपलें हें यंत्राला चटकन् उमजत नाहीं. जोडाक्षरें व जुन्या छपाईची पुसट शाई यांची त्यांत भर. मोडीच्या दप्तरांविषयीं तर बोलावयासच नको.

आतां टिकाऊपणाविषयीं. वर सांगितलेल्या बंगळूरच्या उपक्रमाचें मूळ संकेतस्थळ पुढें बंद पडलें. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’नें त्यांतील लाखों पुस्तकांच्या प्रती आपल्याकडे घेतल्या होत्या, म्हणून तीं आजहि वाचावयास मिळतात. २००४ च्या जानेवारींत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हां हस्तलिखितांची नासधूस झाली. ज्या पोथीची दुसरी प्रत जगांत कोठेंच नाहीं, तिच्यासाठीं दूरच्या संगणकांतील चित्र हाच विमा आहे; आणि तो विमा आगीपूर्वीं उतरावयाचा असतो.

आपल्या तालुक्याच्या वाचनालयांत जुन्या मासिकांचे गठ्ठे पडून असतील, तर यंत्र येण्याची वाट पाहूं नका. एक वही घ्या. नांव मुखपृष्ठावर आहे तसेंच देवनागरींत उतरा, शक आणि इसवी सन दोन्ही लिहा, छापखान्याचें गांव लिहा, आणि कोणतीं पानें गहाळ आहेत तेंहि लिहून ठेवा.