कवितेचे चित्रभाष्य



साहित्य आणि ॲनिमेशन यांचा एकत्र विचार करणाऱ्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. ऋण मान्य करून अध्यक्षाने लगेच मुद्द्यावर यावे, ही श्रोत्यांची अपेक्षा रास्तच असते. जेवणाआधीच्या सत्रात तर जास्तच.

तेव्हा मुद्दा असा. कवितेवर छोटे ॲनिमेशनपट करण्याची हौस आपल्याकडे वाढली आहे आणि त्याचा मला आनंद आहे. मात्र त्यांतले बरेचसे एकाच साच्याचे निघतात. कवितेत पाऊस आला की पडद्यावर पाऊस पडतो. चंद्र हा शब्द कानावर पडतो न पडतो तोच चंद्र उगवतो. आई म्हटले की पदर, गाव म्हटले की कौलारू घर. कवितेतल्या नामांची ती चित्रसूची होते. ऐकणाऱ्याच्या मनात जे आपोआप उमटणार होते, तेच कोणीतरी आधीच काढून समोर धरते. कवितेला यातून काही मिळत नाही आणि प्रेक्षकाच्या कल्पनेला मात्र सुट्टी मिळते.

माझे म्हणणे एवढेच, की अभिजात कृतीवरचा ॲनिमेशनपट हे त्या कृतीचे भाष्य असले पाहिजे. भाष्य म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. गीतेच्या ७०० श्लोकांवर ज्ञानदेवांनी शके १२१२मध्ये सुमारे ९००० ओव्या रचल्या. एकेका श्लोकापाशी ते थांबतात, दृष्टांतामागून दृष्टांत देतात, मुळात नसलेली माणसे, पाखरे, नद्या आणतात आणि पुन्हा श्लोकाच्या अर्थापाशी येतात. मुळाशी निष्ठा आणि मुळापासून मोकळीक या दोन्ही गोष्टी एका ग्रंथात कशा नांदतात, याचा याहून मोठा धडा मला माहीत नाही. पडद्यावर काम करणाऱ्यानेही तो गिरवायला हरकत नाही.

चित्रांतून कथा सांगणेही आपल्याला परके नाही. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली. एका आख्यानाची एक पोथी, म्हणजे सुट्या चित्रांचा क्रमवार संच. चित्रकथी एकेक चित्र समोर लावतो आणि वीणा, टाळ, हुडुकाच्या साथीने आख्यान गातो. चित्र स्थिरच असते, हलतो तो आवाज. पुढचे चित्र केव्हा आणायचे, हे गाणारा ठरवतो. आजच्या भाषेत सांगायचे तर संकलन त्याच्या गळ्यात असते. पडद्यावरही आपण नवखे नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यांना चालते-फिरते केले. विजया मुळे यांच्या १९७४च्या ‘एक अनेक और एकता’ या ॲनिमेशनपटातल्या गाण्यावर दूरदर्शनच्या काळातली एक अख्खी पिढी वाढली. परंपरेच्या नावाने रडायचे कारण नाही. कमी पडते ते साहित्यकृतीचे वाचन.

हे वाचन पडद्यावर कसे दिसते, याची काही उदाहरणे देतो.

काफ्काची ‘मेटॅमॉर्फोसिस’ ही माणसाचा किडा होण्याची कथा १९१५ साली पुस्तकरूपाने निघाली. मुखपृष्ठावर किडा काढला जाईल या धास्तीने काफ्काने प्रकाशकाला कळवले होते, की किड्याचे चित्र नको, दुरूनसुद्धा दाखवायचा नाही. लेखकाने ज्या कृतीला चित्राची बंदी केली, तिच्यावर चित्रपट कसा करायचा? कॅरोलिन लीफ यांनी १९७७मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी तो वाळूत केला. काचेवर वाळू पसरायची, खालून दिवा लावायचा. वाळू असेल तिथे काळे, बोटाने सारली की उजेड. एक फ्रेम टिपायची, त्याच वाळूला किंचित हलवायचे, पुढची टिपायची. पुढचे चित्र तयार होताना आधीचे पुसलेच जाते, त्यामुळे मागे जाऊन दुरुस्ती नाही. किडा दिसतो, पण काळ्या आकृतीसारखा. कडा सतत सरकत असतात. भिंतीचे दार होते, दाराचा माणूस होतो, मध्ये दृश्य तोडलेले नाही. रूपांतर ही त्या कथेतली घटना इथे प्रत्येक फ्रेमच्या घडणीत उतरली आहे. लीफ यांनी काफ्काची बंदी मोडली, पण तिच्यामागची भीती बरोबर ओळखली. वाळू निवडली तेव्हाच त्यांचे अर्धे भाष्य लिहून झाले होते.

दुसरे उदाहरण अलेक्झांडर पेत्रोव यांचे. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’वरचा त्यांचा २० मिनिटांचा चित्रपट १९९९मध्ये आला आणि २०००मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. काचेच्या पातळ्यांवर सावकाश वाळणारा तैलरंग, कुंचल्यापेक्षा बोटांनी हलवलेला. अशा २९,००० हून अधिक फ्रेम, तब्बल दोन वर्षांहून अधिक काळाचे काम. समुद्राचे पाणी असे जिवंत मी पडद्यावर क्वचितच पाहिले आहे. तरी माझी एक तक्रार आहे. हेमिंग्वेचे वाक्य कोरडे असते. विशेषणे गाळून गाळून तो म्हाताऱ्याचे एकाकीपण उभे करतो. पेत्रोवच्या पडद्यावर मात्र रंगांना भरते येते. म्हाताऱ्याच्या आठवणी आणि स्वप्ने येतात तिथे हे रंग चपखल बसतात. सुकाणूवर एकटा हात दिसतो तिथे ते जास्त बोलतात. एवढ्या थोर कारागिराचेही माध्यम काही ठिकाणी लेखकाशी भांडते, हे ध्यानात ठेवले तर आपण माध्यम निवडताना सावध राहू. कोणते सॉफ्टवेअर येते, यावरून कवितेचे रूप ठरवणे तेव्हा जरा अवघड वाटू लागेल.

फ्रेडरिक बाक यांनी १९८७च्या ‘द मॅन हू प्लांटेड ट्रीज’मध्ये वेगळा मार्ग धरला. झां जिओनोची कथा निवेदक जवळजवळ सलग वाचतो आणि चित्रे सोबत चालतात. तरीही चित्रसूची होत नाही, कारण चित्र आपले स्वतःचे एक कथानक सांभाळते. धुरकट ॲसिटेटवर रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या या पटात सुरुवातीला ओसाड करडा-तपकिरी रंग आहे. कथेतल्या मेंढपाळाने लावलेली झाडे वाढतात तसे रंगही उगवत जातात. निवेदक वर्षे मोजतो, प्रेक्षकाचे डोळे रंगांवरून वर्षे मोजतात. शब्द आणि चित्र यांनी कामे वाटून घेतली, की दोघांनाही अंग पसरायला जागा मिळते.

कवितेच्या दृष्टीने सर्वांत धाडसी प्रयोग जपानचा. बाशो आणि नागोयाच्या कवींनी १६८४मध्ये मिळून रचलेल्या ३६ कडव्यांच्या साखळीकवितेवर किहाचिरो कावामोतो यांनी २००३मध्ये ‘विंटर डेज’ केला. या काव्यप्रकारात प्रत्येक कडवे आधीच्या कडव्याला जोडलेले असते आणि त्याच्याही आधीच्यापासून दूर जाते. कावामोतोंनी ३५ ॲनिमेटरांना कडवी वाटून दिली. पहिले आले युरी नॉर्स्टीन यांच्याकडे. कोणी बाहुल्या वापरल्या, कोणी रेघा, कोणी संगणक. शैली दर कडव्याला बदलते आणि बदललीच पाहिजे, कारण मूळ कविता अनेकांच्या हातांनी लिहिलेली आहे. तिथे चित्रपटाची रचनाच कवितेच्या रचनेवर भाष्य करते.

याच नॉर्स्टीन यांनी गोगोलच्या ‘ओव्हरकोट’वर १९८१मध्ये काम सुरू केले. चार दशके उलटली, चित्रपट अपुराच आहे. पाहायला मिळतो त्या भागात एक गरीब कारकून कागदावर अक्षरे काढत बसतो, बहुतांशी एवढेच. पण ओठ, भुवया, लेखणीवरची पकड यांकडे पाहत राहावे. एवढा वेळ घ्या, असे मी कोणाला सांगणार नाही. घर चालवायचे असते. पण एका माणसाच्या लिहिण्यात एवढे पाहण्याजोगे असते, हे आधी वाचकाला दिसावे लागते, मग ॲनिमेटरला.

आता घरच्या अंगणात येऊ. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या ओवीची लय हाताच्या फेऱ्यातून आली आहे. खुंटा धरलेला हात पुढे जातो तेव्हा आवाज ताणला जातो, अंगाकडे येतो तेव्हा श्वास घेतला जातो. अशा ओवीवर पट करायचा, तर पहिले काम स्टोरीबोर्ड नव्हे, ध्वनिमुद्रण. बाईच्या आवाजातली ओवी आधी टिपायची, एका फेऱ्याला किती फ्रेम लागतात ते मोजायचे आणि चित्राची हालचाल त्या मापात बसवायची. माध्यम म्हणाल तर काळ्या पाटीवर ज्वारीचे पीठ वापरून पाहा. लीफ यांच्या वाळूला खालून उजेड लागतो आणि आकृती काळी दिसते. पिठावर वरून उजेड टाकला की आकृती पांढरी उमटते, भोवती पहाटेचा अंधार आपसूक राहतो. सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, सगळे त्या पिठातूनच यावेत आणि पिठातच मिसळावेत. जाते दाखवायची गरज उरणार नाही.

हिशेबाचेही बोलू. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर तीन मिनिटांच्या कवितेला ४,३२० फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवले तरी २,१६० चित्रे. म्हणून कविता निवडतानाच कठोर व्हा. बारा ओळींची कविता घ्या, तिला श्वास घ्यायला जागा ठेवा. वाचन उरकून टाकू नका. दोन कडव्यांमधल्या स्तब्धतेत ॲनिमेशनला जे करता येते, ते ओळ चालू असताना करता येत नाही.

हक्कांच्या बाबतीत आपल्याकडे फार भोळेपणा आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लिखाणाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. केशवसुत १९०५मध्ये गेले, बालकवी १९१८मध्ये, मर्ढेकर १९५६मध्ये. त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या कवितांसाठी परवानगी लागत नाही. कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले, त्यांच्या कवितांचे हक्क २०५९च्या अखेरपर्यंत राहतील. मूळ कृती मुक्त असली तरी अलीकडच्या अनुवादाचा हक्क अनुवादकाकडे असतो, हेही विसरू नका. हयात कवींना माझी विनंती आहे, तोंडी होकारावर थांबू नका, करार लिहून घ्या. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पट इंटरनेटवर जाणार असेल, तर पाच वर्षांनी किंवा परदेशातल्या पहिल्या महोत्सवात हा घोळ उभा राहतो. कवीचे मानधनही त्याच कागदावर आकड्यात लिहा. ‘तुमची कविता लोकांपर्यंत पोहोचेल’ या वाक्याने कोणाचेही वीजबिल भरले जात नाही.

शाळांबद्दल थोडक्यात. १९९२ ते १९९४ या काळात ब्रिटन आणि रशियाच्या कलावंतांनी शेक्सपिअरची बारा नाटके अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ॲनिमेशनपटांत आणली. लिऑन गारफिल्ड यांनी संहिता आखडल्या, पण बोल शेक्सपिअरचेच ठेवले. ‘हॅम्लेट’ काचेवरच्या रंगांत, ‘टेम्पेस्ट’ बाहुल्यांत, असे माध्यमही नाटकागणिक बदलले. मुलांना झेपेल म्हणून भाषा पातळ केली नाही. आपल्याकडे मुलांसाठी म्हटले की पहिली कुऱ्हाड भाषेवर पडते. तुकोबांचा अभंग सोपा करून सांगायचा आणि वर रंगीत कार्टून चिकटवायचे, यापेक्षा अभंग आहे तसा ऐकवावा आणि कठीण शब्दापाशी चित्राने थोडे थांबावे. मूल विचारेल, मग शिक्षकाला काम मिळेल.

शेवटी या संमेलनापुढे एक ठोस सूचना ठेवतो. पुढच्या वर्षी बक्षीस समारंभाचा एक तास कमी करा आणि एक संध्याकाळ अशी ठेवा. तीन कविता, तीन पट. आधी कविता नुसती वाचायची, पडदा कोरा ठेवून. मग पट दाखवायचा. त्यानंतर कवी किंवा त्या कवितेचा एखादा चांगला अभ्यासक आणि ॲनिमेटर यांना समोरासमोर बसवायचे आणि प्रेक्षकांनी दोघांना विचारायचे, की या पटामुळे कवितेत असे काय दिसले जे आधी दिसले नव्हते. उत्तर मिळाले तर पट जमला. नाही मिळाले तर चित्रे कितीही देखणी असोत, कविता अजून वाचायची राहिली आहे, असे समजून त्याच ॲनिमेटरला तीच कविता पुन्हा द्यावी.