खोक्यातल्या वाऱ्याची वाट
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या संगणक कक्षाला एसी आणि नवे संगणक द्यायचे असं आत्ता ठरत होतं. भावना उत्तमच आहे. पण वर्गणीचा आकडा पक्का होण्याआधी माझी पाच मिनिटं ऐका. काल बाईंकडून किल्ली घेऊन मी तिथली तीन खोकी उघडली. ("स्क्रू परत लावशील ना गं?" हा प्रश्न चाळीशीतही चुकला नाही!)

तक्रार अशी, की अर्ध्या तासात संगणक रेंगाळतात, काही आपोआप बंद पडतात. सुमारे 600 मीटर उंचीवरच्या आपल्या गार गावात यंत्र तापतं कसं? खोलीतली हवा गार असून भागत नाही. ती प्रोसेसरपर्यंत पोचली पाहिजे आणि तापल्यावर बाहेर गेली पाहिजे. बहुतेक प्रोसेसर 95-100 अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. तरीही ताप वाढला तर संगणक बंद होतो. यंत्र स्वतःला वाचवत असतं.

आपले संगणक टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात आहेत, पाठ भिंतीला टेकलेली. मागून निघालेली गरम हवा कप्प्यातच फिरून पुढून परत आत जाते. अशा ठिकाणी खोलीत एसी लावून वीजबिल तेवढं वाढेल.

एका खोक्यात तर दुरुस्तीच्या वेळी मागचा पंखा उलटा बसवला गेला होता. इथल्या मंडळींना हे समजावायला नको. कसाऱ्याहून गाडी घाट चढते तेव्हा मागून बँकर इंजिन लागतात; पुढचं ओढतं, मागची ढकलतात, पण दिशा एकच. पंख्यांचं तसंच: पुढचा हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा. दोन्ही आत फुंकू लागले तर दोन इंजिनं समोरासमोर! दिशा ओळखायची खूण सोपी आहे. पंख्याची मोटर ज्या बाजूच्या आडव्या दांड्यांनी धरलेली असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

आता प्लास्टिकच्या आवरणांबद्दल. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, धुकं खिडकीतून आत येतं, म्हणून काळजीपोटी चालू संगणकही झाकले जातात. पण दव गार वस्तूवर धरतं. चालू संगणक खोलीपेक्षा उबदार असतो, त्याच्यावर नाही. चालू असताना आवरण काढा, बंद करून गार झाल्यावर घाला. लांबच्या सुट्टीतही आठवड्यातून एकदा तासभर चालवा, आतली दमट हवा सुकते.

पुण्यात आयसरमधल्या परम ब्रह्म महासंगणकात थंडाव्यासाठी द्रव फिरवावा लागतो. आपल्याला तसलं काही नको. काल एक संगणक कप्प्याबाहेर काढला, धूळ झटकली, हवेच्या वाटेतल्या तारा बांधल्या, पंखा सुलटा केला. आधी 96 अंशांवर अडखळणारा प्रोसेसर त्याच कामाला तासाभराने 71 वर होता. खर्च शून्य. दोन संगणक मात्र खरंच म्हातारे झालेत, ते बदलूच.

उद्या सकाळी नऊला कक्षात या. रंगाचा नवा ब्रश आणि चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर आणा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या स्थिर विजेने भाग जळू शकतात. झटकताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, गरगर फिरवायचा नाही. थर्मल पेस्ट मी आणली आहे. आणि आपल्यात सुतारकाम येणारं कोणी असेल तर करवत घेऊन या, कप्प्यांच्या मागच्या फळ्या कापायच्या आहेत. सरांची परवानगी काढली आहे.