गावाचा कॉम्प्युटर आणि त्याची आठवण



खरिपाचा पीकविमा भरायची मुदत जवळ आली, की कारंजा तालुक्यातल्या कामरगावसारख्या गावात ऑनलाईन कामाच्या केंद्रावर गर्दी होते. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, एकेक कागद स्कॅन होतो. मोबाईलवर आलेला ओटीपी मोठ्यानं सांगितला जातो. कॉम्प्युटर एकाचा, पण त्याच्या पडद्यावर कागद अख्ख्या गावाचे.

मायक्रोसॉफ्टनं २० मे २०२४ रोजी नवे कॉम्प्युटर जाहीर केले. त्यांच्या विंडोजमध्येच कृत्रिम बुद्धिमत्ता बसवलेली आहे. त्यातली एक सोय म्हणजे ‘रिकॉल’. ती दर काही सेकंदांनी पडद्याचं चित्र टिपून ठेवते आणि त्यातला मजकूरही वाचते. पुढे कधीतरी विचारलं, की नेमकं ते पान शोधून देते. ही चित्रं त्याच मशीनमध्ये राहतात, कंपनीकडे जात नाहीत. तरीही सुरक्षातज्ज्ञांनी दाखवून दिलं, की मशीनमध्ये शिरलेल्या माणसाला या नोंदी सहज वाचता येतात. जूनमध्ये कंपनीनं ही सोय लांबणीवर टाकली आणि एप्रिल २०२५ मध्ये दुरुस्त करून आणली. आता नोंदी कुलूपबंद असतात, आणि वापरणाऱ्यानं चालू केल्याशिवाय रिकॉल चालू होत नाही.

ही दुरुस्ती मोलाचीच आहे. पण परवानगी विचारली जाते ती मशीनसमोर बसलेल्याला. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या, ज्याचं आधार पडद्यावर उघडलंय त्या शेतकऱ्याला कोण विचारणार? शिवाय कंपनीनं रिकॉलसाठी प्रथम निवडलेल्या भाषांत इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी आणि चिनी होत्या, मराठी नव्हती. म्हणजे देवनागरी सातबारा नीट शोधून मिळेल याची खात्री नाही, चित्र मात्र त्याचंही निघणार.

तरीही कॉम्प्युटरमध्येच बसलेली बुद्धिमत्ता मला हवी आहे. नेटवर्क गेलं तरी चालणारी, अक्षरओळख नसलेल्या आजीचं बोलणं ऐकून तिचा अर्ज मराठीत टाईप करणारी. खेड्याला तिची गरज शहरापेक्षा जास्त आहे.

रिकॉलचं म्हणाल, तर केंद्रांवरच्या जुन्या मशीनवर ते चालत नाही. त्याला १६ जीबी मेमरी आणि खास चिप लागते. पण जुन्या मशीनवरच्या विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनी मशीनं आता हळूहळू बदलली जातील. म्हणून केंद्रचालकांना माझी कळकळीची विनंती आहे: नवं मशीन आलं, की सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडा, तिथं ‘रिकॉल अँड स्नॅपशॉट्स’ दिसलं तर ते बंद असल्याची खात्री करा.

आणि एक मागणी प्रशासनाकडे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं संमतीचा हक्क ज्याची माहिती त्याला दिला आहे. तेव्हा लोकांचे दाखले आणि अर्ज हाताळणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या अटींमध्ये, पडद्याची चित्रं साठवणारी कोणतीही सोय चालू ठेवायची नाही, हे कलम आत्ताच घाला. नवी मशीनं गावात पोचण्याआधी.